वाचकांचे प्रश्न : केनियातील मंडळीला सहकुटुंब भेट

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत: आफ्रिकेतील मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या सभासदांना, आणि तिथल्या अनाथ मुलांना भेटायला सहकुटुंब जायचे, तर तयारी काय करावी? चारही पत्रांत देश केनिया आहे, म्हणून उत्तरेही तिथलीच दिली आहेत.

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या मंडळीतील चार कुटुंबे, लहानमोठी मिळून पंधरा जण, मे महिन्यात पश्चिम केनियातील किसुमू शहराजवळच्या एका मंडळीला भेट देणार आहोत. एकूण आठ दिवस आहेत. त्यांपैकी तीन दिवस तिथल्या अनाथाश्रमात मुक्काम करून मुलांसोबत खेळ, गाणी, बायबलच्या गोष्टी असा बेत आहे. कार्यक्रम कसा आखावा?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आश्रमातला तीन दिवसांचा मुक्काम कार्यक्रमातून काढून टाका, ही आमची पहिली आणि कळकळीची विनंती. तुमच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण संस्थेत वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यात माणसे येतात, तीन दिवस उचलून घेतात आणि निघून जातात. वर्षभर हेच चालते. पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारे मूल आपल्याला प्रेमळ वाटते. प्रत्यक्षात ते कायमच्या माणसाला भुकेलेले असते आणि प्रत्येक निरोपासरशी कुणावर विसंबणे त्याला अवघड होत जाते.

दुसरी बाजू पैशाची. संस्थांमधल्या दर पाच मुलांपैकी किमान चार मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असते, असे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००९ मध्येच जगभराच्या पाहणीवरून सांगितले होते. मग मुले तिथे का येतात? गरिबी, शाळेची फी, आजारपण. पाहुणे आणि देणग्या आश्रमातल्या खाटांकडे वळल्या की खाटा भरलेल्या ठेवण्याची गरज निर्माण होते. मग ‘मुलाला आमच्याकडे द्या, शिक्षण करू’ असे सांगत कुणीतरी गावात फिरू लागते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा भेटींमुळे होणाऱ्या नुकसानीची दखल घेतली. केनिया सरकारने तर नोव्हेंबर २०१७ पासूनच नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ या दहा वर्षांत मुलांना संस्थेतून कुटुंबात परत नेण्याचे धोरण आखले. यजमान देश एका दिशेने चालला असताना पाहुण्यांनी उलट दिशेला जोर लावू नये.

मग अनाथांची विचारपूस करायची नाही का? करायचीच. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांची नावे जोडीने येतात, आणि किसुमू, सियाया, होमा बे या भागांत ती जोडी घरोघर दिसते. एचआयव्हीने मधली पिढी नेली आणि नातवंडे आजीजवळ वाढत आहेत. ही घरे तिथल्या मंडळीला माहीत असतात. यजमान मंडळी अँग्लिकन असेल तर ‘मदर्स युनियन’च्या बायका, म्हणजे आपल्या महिला मंडळासारख्याच, अशा घरी नेमाने जातात. त्यांच्याबरोबर जा. एका घरी पाहुणे जास्तीत जास्त तीन, सोबत तिथल्या दोघी, वेळ अर्धा-पाऊण तास. पंधरा जणांचा जथा एका झोपडीत घुसला तर म्हातारीला बसायलाही जागा उरत नाही, आणि चहासाठी ती शेजारून साखर उसनी आणते. जाताना दोन किलो उंगा म्हणजे मक्याचे पीठ, एक किलो साखर, चहापूड, एक लिटर तेल आणि कपड्यांचा साबण न्यावा. हा शिधा तिथल्याच दुकानातून घ्या आणि यजमान बाईच्या हातून द्या, म्हणजे तुम्ही परतल्यावर शेजारची विधवा ‘मला का नाही?’ म्हणून तिला कोड्यात टाकणार नाही. आईवडील कशाने गेले, हे विचारू नये. मुलासमोर तर नाहीच.

मे महिन्याबद्दलही सांगायला हवे. मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. डांबरी रस्ता सोडला की चिखल, आणि वीस किलोमीटरला दोन तास लागू शकतात. शिवाय मेमध्ये त्यांच्या शाळा चालू असतात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार मुले घरी नाहीत. पाहुण्यांसाठी मुलांना वर्गातून उठवून आणू देऊ नका. घरभेटी शनिवारी ठेवा. आठवड्याचे दिवस मंडळीतील मोठ्या माणसांसाठी, महिलांच्या बैठकींसाठी आणि पाळकांबरोबरच्या चर्चेसाठी राखा. तारखा बदलता येत असतील तर नाताळाआधीचा पंधरवडा बरा. तिथे शाळांना सुटी असते आणि पाऊसही ओसरत आलेला असतो.

एखाद्या बालगृहाला भेट द्यावीच लागली, तर आधी चार गोष्टी विचारा. नोंदणी चालू आहे का? प्रत्येक मूल बाल न्यायालयाच्या आदेशाने आले आहे का? गेल्या वर्षभरात किती मुले आपल्या घरी परतली? पाहुण्यांना मुलांच्या झोपायच्या खोल्यांत जाऊ देतात का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, कुठेही फिरा’ असे उत्तर आले तर तिथे जाऊ नका. चांगली संस्था परक्यांना रोखते. तिथे काही गैर दिसले तर ११६ हा केनियातील मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी आहे, आणि प्रत्येक उपजिल्ह्यात सरकारी बाल अधिकारी असतो.

प्रश्न : लसी, व्हिसा वगैरेचे नेमके काय? सोबत सात आणि अकरा वर्षांची मुले आणि ६६ वर्षांच्या सासूबाई आहेत. केनियाला पिवळ्या तापाची लस लागत नाही, असे एका प्रवासी एजंटने सांगितले.
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : एजंट अर्धेच बरोबर बोलला. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ती लस मागत नाही. भारत मात्र परतताना मागतो, कारण आपल्या यादीत केनिया पिवळ्या तापाचा देश आहे. लस घेतल्याचे कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एका कुपीतून अनेकांना टोचत असल्याने बहुतेक केंद्रे ठरावीक वारी बोलावतात, म्हणून निदान महिनाभर आधी वेळ घ्या आणि मूळ पासपोर्ट न्या. टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. कार्डावरचे नाव पासपोर्टबरहुकूम आहे का, ते केंद्रातच तपासा. सासूबाईंचे मात्र आधी डॉक्टरांना विचारा. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील तरी हेच.

हिवतापाला हलके लेखू नका. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी, पण व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्हणजे किसुमूच्या बाजूला, तो वर्षभर असतो आणि बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, जिवावर बेतणारा. तिथे क्लोरोक्विन चालत नाही, घरात पडलेल्या गोळ्यांवर विसंबू नका. हिवताप होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून, तिथे रोज आणि परतल्यावर सात दिवस घेतात; दुधाबरोबर किंवा जेवणानंतर, नाहीतर नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत, म्हणून धाकट्यासाठी ती बाद. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. डॉक्टरांकडे जाताना मुलांना सोबत न्या. चूक होते ती एकाच जागी: घरी पोहोचल्यावर ‘आता कशाला?’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात.

सरोवराच्या पाण्यात मुलांना पाय बुडवायलाही सोडू नका. काठच्या गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया हा परजीवी रोग कातडीतून शिरतो.

व्हिसाच्या जागी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवाना, ईटीए, आला आहे. मुलांचाही स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद जोडावा. आईवडिलांपैकी एकच जण मुलांसोबत जाणार असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ ठेवा. पर्यटक म्हणून जाऊन उपासनेला बसणे वेगळे आणि सभा घेणे, शिकवणे, शिबिर चालवणे वेगळे. बिनपगारी असले तरी त्याला स्पेशल पास लागू शकतो. तो यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करून काढायचा असतो. तसे त्यांना लेखी विचारा आणि उत्तराची प्रत जवळ बाळगा.

प्रश्न : आम्ही दीडशे मुलांसाठी कपडे, वह्या, चॉकलेट आणि ताप-खोकल्याची औषधे गोळा करत आहोत. विमानात कसे न्यावे?
— तरुण संघ, संगमनेर

उत्तर : नेऊ नका. औषधे कस्टममध्ये अडकतात, आणि डॉक्टराशिवाय मुलांना वाटणे हे तिथेही बेकायदा आहे, इथेही. कपड्यांसाठी तिथे गावोगावी ‘मितुंबा’ म्हणजे जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. आपल्या गाठोड्यांची त्यांना गरज नाही. वह्या किसुमूत घ्या, गणवेश तिथल्या शिंप्याकडून मापाने शिवून घ्या, म्हणजे पैसाही गावात राहतो. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड हवेत का, ते महिलांना विचारा. शाळा बुडण्याचे ते एक खरे कारण असते.

इथून न्यायचेच तर हवा काढलेले चार फुटबॉल, एक हातपंप आणि दहा-बारा सुया न्या. सुईच आधी मोडते, आणि मग चेंडू वर्षभर कोपऱ्यात पडून राहतो.

सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि शिक्षा जबर आहे: ४० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीसुद्धा उतरण्याआधी रिकामी करा. कापडी पिशव्या उत्तम. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा ॲडॅप्टर लागेल.

प्रश्न : मंडळीच्या ट्रस्टमधून तिथल्या मंडळीला दोन लाख रुपये द्यावेत असा ठराव झाला आहे. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी लागेल का? आणि रविवारच्या उपासनेत पाहुण्यांकडून काय अपेक्षित असते?
— मंडळीचे खजिनदार, कोल्हापूर

उत्तर : एफसीआरए परदेशातून येणाऱ्या पैशासाठी आहे, जाणाऱ्या नव्हे. तुमची अडचण आयकराची आहे. करसवलत असलेल्या धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला, प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी असल्याशिवाय, सवलत मिळत नाही. शिवाय ट्रस्टच्या घटनेत परदेशी मदतीचा हेतू नसेल तर ठरावच टिकणार नाही. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका. सोपा मार्ग असा: सभासदांनी आपापल्या नावाने, बँकेमार्फत, परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली थेट तिथल्या मंडळीच्या खात्यात भेट पाठवावी. त्यावर देणगीची करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगा. रोख परकी चलन प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येते. नोटा नव्या आणि न दुमडलेल्या घ्या; जुन्या छापाच्या डॉलरच्या नोटा तिथे नाकारतात.

तिथे पोहोचल्यावर व्यवहार एम-पेसा या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर चालतो. अर्पणसुद्धा मोबाइलवरून देतात. मंडळीच्या नावाने असलेल्या पेबिल, म्हणजे संस्थेच्या खात्याच्या, क्रमांकावरच पैसे भरा, कुणाच्याही वैयक्तिक क्रमांकावर नको, मग ते पाळक का असेनात. त्यात त्यांचीही अब्रू राखली जाते. किती द्यावे? एक आधार म्हणून सांगतो: अनाथ मुले सांभाळणाऱ्या गरीब कुटुंबांना केनिया सरकार २००४ साली सुरू झालेल्या योजनेतून महिन्याला २,००० शिलिंग देत आले आहे. एका घराला एकदम पन्नास हजार देऊन गावात वैर पेरण्यापेक्षा मंडळीच्या मदतनिधीत ठरावीक रक्कम तीन वर्षे नेमाने देणे केव्हाही हिताचे.

उपासना तीन तास चालेल असे धरून चला. पाहुण्यांना उभे करून ओळख द्यायला सांगतात. ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो, एवढे म्हटले की सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणते, मग नाव-गाव आणि आपल्या मंडळीचा सलाम सांगून खाली बसावे. संदेश द्यायला सांगितला तर वीस मिनिटांचाच तयार करा. दुभाष्यासह त्याचे चाळीस होतात. म्हणी आणि शब्दांचे खेळ टाळा, लहान वाक्ये बोला आणि वाक्य पुरे झाल्यावर थांबा. साडी, सलवार-कमीज चालते. पुरुषांनी हाफपँट घालू नये. मंडळीसमोर ‘आम्ही तुम्हाला विहीर बांधून देऊ’ अशी घोषणा तर चुकूनही करू नका. ती नोंदली जाते, आणि पुढे पाळकांना उत्तरे द्यावी लागतात.

जेवणात उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, सुकुमा विकी ही पालेभाजी, कधी ओमेना हे बारीक मासे, आणि पाहुण्यांसाठी खास म्हणून चपाती. मुलांना हे आवर्जून सांगा: स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बीमा’, दुकानाला ‘दुका’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. ओळख नसलेल्या घरात बोलायला एवढी सुरुवात पुरते.

फोटोंबद्दल आणखी एका वाचकाने विचारले आहे. मुलाचा चेहरा, नाव आणि गाव एकत्र कुठेही टाकू नये. पालकाच्या परवानगीशिवाय मुलाची माहिती वापरण्यास केनियाचा २०१९ चा माहिती संरक्षण कायदा मनाई करतो. घरभेटीला फोन पिशवीतच ठेवा. मंडळीच्या दारात मोठ्यांसोबत एक सामूहिक फोटो काढा आणि त्याची छापील प्रत टपालाने त्यांना पाठवा.

आणि परतल्यानंतर तीन महिन्यांत, क्वचित वर्षभरातही, घरात कुणाला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही केनियाला जाऊन आलो आहोत.