प्रश्न वाचकांचे: शिक्षा भोगून बाहेर आलेल्या लैंगिक गुन्हेगारांवरची देखरेख आणि त्यासाठीचे सरकारी अनुदान

प्रश्न : आमच्या भागात पोलीस घरोघरी येऊन एक पत्रक देऊन गेले. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला एक जण जवळच राहायला आला आहे. घरात दोन लहान मुले आहेत, झोप उडाली आहे. अशा लोकांवर नजर ठेवण्यासाठी सरकार अनुदान देते म्हणे. तो पैसा जातो कुठे?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पोलीस स्वतः दारात आले, याचा अर्थ त्या माणसाला न्यू जर्सीने तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या पायरीत टाकले आहे. पहिल्या पायरीतल्यांची माहिती फक्त पोलीस यंत्रणेपाशी राहते. दुसऱ्या पायरीतल्यांची शाळांना आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना कळवली जाते. पत्रकासोबत वागणुकीचे नियम दिलेले असतात, ते नीट वाचा. घरातल्यांना आणि तुमच्या मुलांना सांभाळणाऱ्यांना ही माहिती सांगता येते. व्हॉट्सॲपच्या गटावर पत्रकाचा फोटो टाकू नका.

आता पैशाचे. रोजच्या देखरेखीचा खर्च, म्हणजे प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडणे) आणि पॅरोल (शिक्षा पूर्ण होण्याआधी अटींवर सोडणे) पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, मुख्यतः राज्य आणि काउंटी उचलतात. फेडरल सरकारचा पैसा त्यावर वरून येतो. 2006 च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने नोंदणीचे देशभर एकसारखे किमान नियम घातले: पहिल्या गटाला 15 वर्षे आणि वर्षातून एकदा हजेरी, दुसऱ्याला 25 वर्षे आणि दर सहा महिन्यांनी, तिसऱ्याला जन्मभर आणि दर तीन महिन्यांनी. त्याच कायद्याने फेडरल न्याय खात्यात ‘स्मार्ट’ नावाचे कार्यालय उभे राहिले. नोंदणीची यंत्रणा उभारायला आणि बाहेर आलेल्यांच्या देखरेखीला व उपचारांना अनुदाने तिथून दिली जातात. दरवर्षी प्रत्येक योजना जाहीर होईलच असे नाही.

जे राज्य हे नियम पुरेसे पाळत नाही, त्याच्या ‘बर्न जॅग’ या पोलीस-न्याय अनुदानातून 10 टक्के कापले जातात. 2009 मध्ये ओहायो नियम पुरते करणारे पहिले राज्य ठरले. न्यू जर्सी आजही त्या यादीत नाही, कारण तिथल्या पायऱ्या माणसाच्या धोक्याच्या मोजणीवर ठरतात आणि फेडरल गट गुन्ह्याच्या कलमावर. आमच्या मते न्यू जर्सीची पद्धत अधिक शहाणपणाची आहे, आणि त्यासाठी तिला पैशाचा फटका बसावा हे योग्य नाही. कापलेली रक्कम नियमांच्या पूर्ततेच्या कामासाठी परत मागता येते.

मुलांशी बोलताना मात्र त्या पत्रकापाशी थांबू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा अत्याचार करणारा ओळखीचा असतो: नात्यातला, शेजारचा, शिकवणारा. तो बहुधा कुठल्याच यादीत नसतो.

प्रश्न : आमची समुपदेशन संस्था काउंटीच्या प्रोबेशन खात्याबरोबर देखरेख आणि उपचारांच्या अनुदानासाठी अर्ज करणार आहे. अर्थसंकल्प मांडायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. सुरुवात कुठून करू? मागच्या खेपेला अर्ज का नाकारला गेला तेही कळलेले नाही.
– एक कार्यकर्ती, कोलंबस, ओहायो

उत्तर : सुरुवात माणसे मोजण्यापासून करा. बहुतेक अर्ज उपकरणांच्या किमतीपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात.

खात्याच्या देखरेखीखाली आज किती जण आहेत आणि त्यांच्यातला धोका कसा वाटला गेला आहे, हे आधी हवे. पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याचा धोका मोजायला प्रौढ पुरुषांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे स्टॅटिक-99आर. त्यात दहा मुद्दे असतात आणि गुण उणे 3 ते 12 पर्यंत जातात. 1 ते 3 म्हणजे सरासरी धोका, 4 आणि 5 सरासरीहून वर, 6 आणि पुढे बराच वर. हे साधन स्त्रियांसाठी नाही, आणि ज्याचा गुन्हा केवळ बालकांची अश्लील चित्रे बाळगण्याचा आहे त्याच्यासाठीही नाही. अर्जात सगळ्यांना सरसकट लावले असेल, तर जाणकार परीक्षक तिथेच गुण कापतो. शिवाय स्टॅटिकचे बहुतेक मुद्दे भूतकाळातले आहेत, उपचारांनी ते बदलत नाहीत. म्हणून त्याच्या जोडीला स्टेबल-2007 आणि अ‍ॅक्यूट-2007 घ्या. पहिल्यात 13 मुद्दे, दुसऱ्यात 7. एकटेपणा, आवेगावरचा ताबा, पीडितांपर्यंत पोहोचण्याच्या संधी, नशेकडे परतणे, अशा हलणाऱ्या गोष्टी त्यांतून दिसतात. ती वापरायला प्रशिक्षण लागते आणि त्या प्रशिक्षणाचा खर्च अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दाखवावा लागतो.

समजा, 130 जण आहेत: 25 जास्त धोक्याचे, 65 मध्यम, 40 कमी. अमेरिकेतील प्रोबेशन-पॅरोल संघटनेचे प्रमाण असे आहे: कडक देखरेखीसाठी एका अधिकाऱ्यामागे 20, मध्यम ते जास्त धोक्यासाठी 50, कमी धोक्यासाठी 200. म्हणजे 1.25 अधिक 1.3 अधिक 0.2, एकूण 2.75. तीन अधिकारी हवेत. खात्याकडे आज दोन असतील, तर अनुदानातून एकच मागा आणि हे गणित अर्जात जसेच्या तसे लिहा. ‘कामाचा ताण वाढला आहे’ या वाक्याला कोणी पैसे देत नाही.

उपचारांचे गणितही असेच. कमी धोक्याच्या 40 जणांना जास्त धोक्याच्या गटात बसवू नका. त्याने त्यांचा धोका वाढू शकतो आणि पैसा वाया जातो. उरलेल्या 90 जणांचे नऊ-नऊचे दहा गट करा. आठवड्याला दीड तास, वर्षात 50 आठवडे, म्हणजे 750 तास. प्रत्येक गटाला दोन समुपदेशक असावेत, तेव्हा 1,500 तास. तासाला 75 डॉलर धरले, तर 1,12,500 डॉलर होतात. न्याय खात्याच्या अनुदानातून पूर्वपरवानगीशिवाय सल्लागाराला दिवसाला 650 डॉलर, म्हणजे तासाला 81.25 डॉलर, यापेक्षा जास्त देता येत नाही. त्याहून वरचा दर लिहिलात की सगळा अर्थसंकल्प अडकतो. नोंदी लिहायचा वेळ आणि गैरहजर राहणाऱ्यांमागे लागायचा वेळ या तासांत धरलेला नाही, तो वेगळा दाखवा.

पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याची चाचणी, अनेक ठिकाणी देखरेखीचा भाग असतो. 25 जणांची वर्षातून दोनदा चाचणी म्हणजे 50 चाचण्या. तो खर्च मागायला हरकत नाही, पण त्याच्या निकालावर विसंबून कोणाला तुरुंगात परत पाठवायची योजना लिहू नका. 2003 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पॉलिग्राफच्या अचूकतेबद्दल गंभीर शंका नोंदवल्या आहेत.

तुमच्या संस्थेचे काउंटीशी नाते काय, हेही आधीच ठरवा. कार्यक्रमाचा एक भाग तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर चालवणार असाल तर तुम्ही उपअनुदानी. नुसती सेवा विकणार असाल तर कंत्राटदार, आणि मग काउंटीला निविदेची प्रक्रिया पाळावी लागते. हे दोन्ही अर्जात एकत्र मिसळले तर पुढे लेखापरीक्षणात खर्च अमान्य होतो. अप्रत्यक्ष खर्चाचा (कार्यालयाचे भाडे, वीज, हिशेब अशा सामायिक खर्चाचा) ठरलेला दर नसेल, तर 1 ऑक्टोबर 2024 पासून 15 टक्क्यांपर्यंत सरसकट दर घेता येतो. त्याआधी तो 10 टक्के होता. जुन्या अर्जाची नक्कल करणारे अजूनही 10 लिहितात आणि हक्काचे पैसे सोडतात.

नकाराची कारणे बहुधा साधी असतात. सॅम डॉट गव्ह या फेडरल संकेतस्थळावरची संस्थेची नोंदणी दर 12 महिन्यांनी नवी करावी लागते. संस्थेचे कायदेशीर नाव करखात्याकडच्या नावाशी अक्षरशः जुळले नाही की ती आठवडेच्या आठवडे लटकते, म्हणून किमान महिनाभर आधी हात घाला. अर्ज दोन टप्प्यांत जातो: आधी ग्रँट्स डॉट गव्हवर एसएफ-424 हा अर्जाचा मुख्य नमुना आणि लॉबिंगचा खुलासा, मग न्याय खात्याच्या जस्टग्रँट्स या संकेतस्थळावर प्रस्ताव, अर्थसंकल्प आणि बाकीचे सगळे. दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. पहिला टप्पा चुकला की दुसऱ्याचे दार उघडतच नाही.

दुसरे मोठे कारण म्हणजे काउंटीचा चालू खर्च फेडरल पैशाच्या माथी मारणे. आज काउंटी ज्याला पगार देते आहे, त्याच अधिकाऱ्याचा पगार अनुदानातून मागता येत नाही. अनुभवी अधिकारी नव्या पथकात हलवायचा असेल, तर त्याच्या जुन्या जागी नवी भरती होणार हे कागदावर दाखवा. आणि बैठकीचे जेवण-खाण अर्थसंकल्पात लिहू नका. रक्कम किरकोळ असते, पण त्यावर हमखास बोट ठेवले जाते.

मंजुरीनंतर खर्चाचा अहवाल प्रत्येक तिमाही संपल्यावर 30 दिवसांत द्यायचा असतो. तो चुकला की पैसे उचलणे बंद होते, आणि त्या महिन्याचा समुपदेशकाचा पगार थांबतो.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्यांच्या पायाला जीपीएस बांधून शाळांपासून लांब राहायला लावले तर स्वस्त पडणार नाही का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : नाही. तुमच्याच राज्यातल्या अँटिओकमध्ये पॅरोलवरच्या एका माणसाच्या पायाला जीपीएस होते. त्याने पळवून आणलेली मुलगी वर्षानुवर्षे त्याच्याच घरामागे होती, ती मोठीही तिथेच झाली. ऑगस्ट 2009 मध्ये ते उघड झाले, आणि राज्याच्या महानिरीक्षकांनी देखरेखीवर कठोर ताशेरे ओढले. जीपीएस माणूस कुठे आहे ते सांगते, तिथे तो काय करतो आहे ते सांगत नाही. सिग्नल तुटल्याचे, बॅटरी उतरल्याचे इशारे येत राहतात आणि ते वाचायला, दार ठोठवायला माणूस लागतो. मोजक्या जास्त धोक्याच्या लोकांसाठी, पाठपुरावा करणारा अधिकारी सोबत असेल तर ते उपयोगी आहे.

शाळांपासूनच्या अंतराचा अनुभव तर आयोवाने घेतला. तिथे 2,000 फुटांचा नियम 2005 मध्ये प्रत्यक्ष लागू झाला आणि ठावठिकाणा नसलेल्यांची संख्या दुपटीहून वर गेली. पुढच्या वर्षी सरकारी वकिलांच्या संघटनेनेच त्याला विरोध केला, आणि 2009 मध्ये कायदा सैल करावा लागला. मायामीत 2,500 फुटांच्या नियमामुळे ही माणसे ज्युलिया टटल पुलाखाली राहू लागली. ज्याला पत्ता नाही, नोकरी नाही, त्याच्यावर नजर ठेवणे सगळ्यात अवघड असते.

पैसा थोडाच असेल तर ‘सर्कल्स’कडे पाहा. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये 1994 मध्ये हे सुरू झाले. चार ते सहा प्रशिक्षित स्वयंसेवक सुटून आलेल्या एका माणसाला दर आठवड्याला भेटतात, घर आणि काम शोधायला मदत करतात, आणि तो धोक्याच्या वाटेने जातो आहे असे दिसले की थेट तोंडावर विचारतात, अधिकाऱ्याला कळवतात. मिनेसोटात 100 जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून अभ्यास झाला. 2018 च्या निष्कर्षात सर्कलमधल्यांचा नव्या लैंगिक गुन्ह्यात अटक होण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी आढळला. संख्या लहान आहे, पण या क्षेत्रात इतक्या काटेकोर पद्धतीचे अभ्यास मोजकेच आहेत. यातला मुख्य खर्च स्वयंसेवक निवडून त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या समन्वयकाचा. अनेक संस्था नेमका तोच पगार वाचवायला जातात, आणि मग सर्कल विस्कळीत होते.

प्रश्न : भारतात असे काही आहे का? मी समाजकार्याचे शिक्षण घेतो आहे.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नोंद आहे. 20 सप्टेंबर 2018 ला केंद्रीय गृहखात्याने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली, तेव्हा तिच्यात 4.4 लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते, आणि ते योग्यच आहे. ओळखीच्या घरातला गुन्हेगार जाहीर झाला की पीडित मुलीचीही ओळख फुटते. 2013 चा निर्भया निधी वन स्टॉप सेंटर, जलदगती न्यायालये, शहरांची सुरक्षा अशा कामांकडे वळला. ती कामे गरजेची आहेत. शिक्षा संपवून गावी परतलेल्या माणसाला आठवड्याला कोण भेटणार, हा प्रश्न वेगळा आहे. 1958 चा परिविक्षा कायदा तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेल्यांसाठी आहे, पूर्ण शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी नाही.

प्रबंधाचा विषय शोधत असाल तर एका जिल्ह्यापुरते काम घ्या: गेल्या पाच वर्षांत पॉक्सोखाली शिक्षा संपवून किती जण सुटले, ते कुठे राहायला गेले, आणि एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे आज किती प्रकरणे आहेत. सुटकेच्या नोंदी कारागृहाकडून आणि प्रकरणांचे आकडे महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागता येतील. अर्जात नावे मागू नका, फक्त संख्या, तालुका आणि शिक्षेची मुदत मागा. नावे मागितली की वैयक्तिक माहितीच्या कारणाने नकार येतो आणि सहा महिने अपिलात जातात.