मागच्या ॲक्सलचे गिअर आणि लॉकर: आधी काय ठरवाल?

लॉकरचं (ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारा भाग) नंतर बघू, आधी टायर पक्के करा. नवखे नेमकं उलटं करतात, आणि मग तेच काम दोनदा होतं.

हिशोब सोपा आहे. सध्याचा गिअर रेशो (चाक एकदा फिरायला ड्राइव्ह शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) गुणिले नवा टायर, भागिले जुना टायर. ३.७३ वर ३१ इंची टायर होते आणि ३५ इंची घातले, तर ३.७३ × ३५ ÷ ३१ म्हणजे साधारण ४.२. ओझं ओढायचं असेल तर त्याहून मोठ्या आकड्याचा रेशो घ्या.

आता लॉकर. रोज रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला मी तरी बटणावर लागणाराच सुचवेन. ऑटोमॅटिक लॉकर वळणावर कटकट आवाज करतो, ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरू शकते.

या चुका टाळा:
- फोर बाय फोर असूनही फक्त मागचे गिअर बदलणं. पुढचा रेशो जुळलाच पाहिजे.
- रेशो न ठरवता लॉकर मागवणं. डाना ४४ या ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर (ज्यावर रिंग गिअर बसतो तो भाग), ३.९२ पासून दुसरा, आणि लॉकर त्याला जुळणारा लागतो.
- नव्या गिअरवर लगेच ट्रेलर ओढणं. पहिल्यांदा १५-२० मिनिटं सावकाश चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. साधारण ८०० किलोमीटरनंतर तेल बदला.

बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक), शिम (ती जुळवायच्या पातळ चकत्या) वगैरे अनुभवी मेकॅनिकवर सोपवा. टायर ठरला की साइज कळवा, रेशो मिळून काढू.