‘सरकारी वकील म्हणजे पेन्शन असणारच ना?’ वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

यावेळी आलेले निम्मे प्रश्न एकाच गोंधळातून आलेत. काळा कोट घालून सरकारतर्फे उभा राहतो तो प्रत्येक जण सरकारी नोकर आणि त्याला पेन्शन ठरलेलीच, असं लोकांनी धरून ठेवलंय. तसं नाहीये. मी स्वतः सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून मॅजिस्ट्रेट कोर्टात नोकरी काढली, निवृत्त झाले, आणि आता शेजारच्या सहकाऱ्यांच्या पेन्शनच्या फायली बघण्यात दिवस जातो. जमेल तेवढी उत्तरं देते, पण माझं उत्तर म्हणजे तुमच्या केसचा निकाल नाही, कागद दाखवल्याशिवाय कुणाचंच काही पक्कं सांगता येत नाही.

माझे मिस्टर सेशन्स कोर्टात अतिरिक्त सरकारी वकील होते, सलग १४ वर्षं. आता नेमणूक संपली. पेन्शनचा अर्ज कुठे करायचा? (परभणी)

कुठेच नाही ताई. सांगताना वाईट वाटतं पण खोटी आशा लावून तुम्हाला तीन ऑफिसं फिरवण्यापेक्षा हे बरं.

बघा, दोन वेगळ्या जाती आहेत. मॅजिस्ट्रेट कोर्टात उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. त्यांची भरती एमपीएससीतून, पगार दरमहा, बदल्या होतात, सेवापुस्तक असतं, अभियोग संचालनालय आणि त्यावर गृह विभाग. हे सरकारी नोकर. सेशन्स कोर्टातले जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त हे विधी अधिकारी, त्यांची नेमणूक १९८४ च्या विधी अधिकाऱ्यांच्या नियमांखाली ठराविक मुदतीसाठी होते, आणि हातात पडतं ते मानधन आणि फी, पगार नाही. जुन्या फौजदारी संहितेत पहिल्यांचं कलम २५ आणि दुसऱ्यांचं २४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत तेच १९ आणि १८ झालंय. १४ वर्षं सलग दिसतात पण कागदावर ती एकामागून एक दिलेल्या मुदती आहेत, एक सेवा नाही.

आता तुम्हाला कुणीतरी सांगेल की सुप्रीम कोर्टाचा श्रीलेखा विद्यार्थीचा १९९० चा निकाल आहे, सरकारी वकिलाला मनमानीने काढता येत नाही. बरोबर आहे. पण त्यातून पेन्शन निघत नाही, आणि तो निकाल सांगणारे २००४ चा जोहरी मल नेहमी विसरतात, ज्यात मुदतवाढीचा हक्कच नाही असं म्हटलंय. तुमचं खरं काम वेगळं आहे. मिस्टरांची फीची बिलं थकलीत का ते बघा. बहुतेकांची थकलेली असतात. ती लेखी मागा, पोच घ्या, नाहीच मिळाली तर हायकोर्टातल्या एखाद्या वकिलाला विचारा.

सहायक सरकारी अभियोक्ता कितव्या वर्षी रिटायर होतात? काहीजण ६० म्हणतात.

५८. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्याचा शेवटचा दिवस, आणि जन्मतारीख महिन्याची १ असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. ‘साठ होणार’ हे मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकतेय.

नोकरीआधी ७ वर्षं वकिली केली. ती पेन्शनला धरतील का?

नाही. नेमणुकीसाठी तो अनुभव कामाला आला, तिथेच संपला. आधी दुसऱ्या सरकारी खात्यात नोकरी केली असेल आणि रीतसर परवानगीने इकडे आला असाल तर गोष्ट वेगळी, मग तो आदेश घेऊन भेटा.

मी ३० जूनला रिटायर झालो. १ जुलैची वेतनवाढ गेली. मित्र म्हणतो ती मिळते. (सांगली)

मित्र या वेळी बरोबर आहे. सुप्रीम कोर्टाने ११ एप्रिल २०२३ ला सांगितलं की वर्षभर काम करून मिळवलेली वाढ फक्त दुसऱ्या दिवशी नोकरीत नाही म्हणून नाकारता येत नाही. ती वाढ पेन्शन काढण्यापुरती, काल्पनिक म्हणून धरतात. पण फरकाची मोठी स्वप्नं बघू नका. जे स्वतः कोर्टात गेले नव्हते त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासून, त्याआधीचा फरक नाही, हे त्याच कोर्टाने २०२५ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केलंय. शेवटच्या ऑफिसकडे साधा अर्ज करा.

आणि ज्यांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लावली (आमच्या बॅचला असे चार होते) ते ३१ मेला रिटायर होतात, त्यांचं वर्ष भरत नाही, त्यांना हे नाही. गुरुजींना बोलून उपयोग नाही.

निवृत्तीला ३ वर्षं आहेत. आत्तापासून काही करायची गरज आहे का? ऑफिसमधले म्हणतात शेवटच्या सहा महिन्यांत सगळं होतं. (छत्रपती संभाजीनगर)

‘शेवटच्या सहा महिन्यांत सगळं होतं’ या एका वाक्याने जेवढ्यांची ग्रॅच्युइटी अडकवलीय तेवढी कुठल्या चौकशीनेही अडकवली नसेल. १९८२ च्या पेन्शन नियमांतच तयारी दोन वर्षं आधी सुरू करा असं लिहिलंय. निवृत्तीला सहा महिने उरतात तोपर्यंत कागद महालेखापालांकडे (पेन्शन तपासून मंजूर करणारं ऑफिस) पोचलेले असायला हवेत, तयार व्हायला लागलेले नव्हे. तुमचे नागपूरला जाणार, विदर्भ-मराठवाड्याचे तिकडे जातात, बाकीच्यांचे मुंबईला.

उद्या सकाळी पहिलं काम, तुमचं सेवापुस्तक मागवा आणि स्वतः बसून पान न पान वाचा. वरवर चाळू नका. आपल्या केडरची अडचण अशी की दर तीन वर्षांनी बदली, आणि पुस्तक आपल्या मागून येतं, कधी सहा महिन्यांनी, कधी आठवण केल्यावर, आणि मधल्या काळातली नोंद जुन्या ऑफिसने करायची की नव्या, यावर दोघं एकमेकांकडे बघतात. तुम्ही चार्जशीट तपासताना पंचनाम्यावर पंचांची सही नसेल तर लगेच पकडता ना, मग स्वतःच्या पुस्तकात का नाही पकडत?

माझं सांगते. माझ्या पुस्तकात एका पानावर ‘सेवा पडताळणी केली’ असा जांभळा शिक्का होता, तारीख होती, खाली गोल शिक्काही होता, आणि सहीच्या जागी कोरं. चौदा महिन्यांची सेवा, एका सहीवाचून. ज्यांनी सही करायची ते केव्हाच रिटायर झालेले, त्या ऑफिसने लिहिलं की जुन्या पगारपत्रकांचे गठ्ठे पावसाळ्यात भिजले. माझी ग्रॅच्युइटी ११ महिने अडकली. शेवटी कोषागारातून त्या महिन्यांच्या पगाराचा तपशील मी स्वतः रिक्षाने जाऊन आणला. उशीर प्रशासनाचा असेल तर ग्रॅच्युइटीवर व्याज मिळतं, नियम १२९-अ आहे, पण ते कुणी आपणहून घरी आणून देत नाही. मी अर्ज केला म्हणून मिळालं. माझ्यासोबतच्या दोघांनी ‘जाऊ दे, मिळाली ना एकदाची’ म्हणून सोडून दिलं.

तर काय बघायचं. पहिली नेमणूक हंगामी असेल तर पुढे नियमित केल्याचा आदेश चिकटवलाय का. प्रत्येक बदलीत कार्यमुक्त झाल्याची तारीख आणि हजर झाल्याची तारीख यांच्यामधले दिवस कशात धरलेत, पदग्रहण अवधी (नव्या जागी हजर व्हायला मिळणारे दिवस) की रजा, कारण काहीच लिहिलं नसेल तर तो खंड दिसतो. बिनपगारी रजा कुठल्या कारणाने. गट विमा, नामनिर्देशन, लग्नानंतर बदललेलं नाव (बायकांनो, हे आपलं हमखास राहतं). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाने तपासल्याचा शिक्का.

या शेवटच्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण माझी रात्रीची झोप इथेच उडते. वेतननिश्चिती चुकली, दहा-बारा वर्षं जास्त पगार गेला, आणि निवृत्तीच्या तोंडावर पथकाने चूक काढली की वसुली निघते, थेट ग्रॅच्युइटीतून. मग सगळे रफीक मसीह, रफीक मसीह करत येतात. तो २०१४ चा निकाल आहे खरा, निवृत्त झालेल्याकडून किंवा वर्षभरात होणाऱ्याकडून अशी वसुली नको असं त्यात आहे. पण २०१६ ला सुप्रीम कोर्टाने जगदेव सिंगच्या केसमध्ये म्हटलं की ज्याने वेतननिश्चितीच्या वेळी ‘जास्त गेले तर परत करीन’ असं हमीपत्र दिलंय त्याला रफीक मसीहमधल्या त्या मुद्द्याचा आडोसा नाही. आणि हमीपत्र आपण सगळ्यांनी दिलंय, क्लार्कने पुढे केलेल्या चार कागदांत तेही होतं आणि आपण, आयुष्यभर लोकांना ‘वाचून सही केली का’ विचारणारे, न वाचता सही करून चहाला गेलो. गट क आणि ड ला वेगळं संरक्षण आहे, आपण गट अ. म्हणून चूक असेल तर ती आत्ता निघू दे. आत्ता निघाली तर हप्ते पाडून घेता येतात, म्हणणं मांडता येतं. तीन वर्षांनी निघाली तर एकदम निघेल. पथकाच्या शिक्क्याची तारीख बघा आणि सेवाविषयक वकिलाला पुस्तकाच्या झेरॉक्स दाखवा. झेरॉक्स म्हणतेय. मूळ पुस्तक ऑफिसबाहेर नेऊ नका. दुय्यम प्रत तुमच्याकडे असायला हवी, नसेल तर तीही मागा.

अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं) करावं का? आता १२ वर्षांतच पूर्ण पेन्शन परत सुरू होते असा मेसेज आलाय. बँकेतला मुलगा म्हणतो पैसे घ्या, मी चांगल्या प्लॅनमध्ये टाकतो.

१२ वर्षं केरळमध्ये. आपल्याकडे १५, आणि हा १५ चा आकडा सुप्रीम कोर्टाच्या १९८६ च्या निकालापासूनचा आहे. मेसेज डिलीट करा.

हिशोब असा असतो, समजा पेन्शन ५०,००० बसली, ४० टक्के विकली म्हणजे महिन्याला २०,००० कमी. त्याचे वर्षाचे २,४०,०००, गुणिले ८.३७१ (५८ ला निवृत्त होणाऱ्याचा गुणक), म्हणजे २०,०९,०४० एकरकमी. महागाई वाढ मात्र पूर्ण ५०,००० वर चालू राहते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घराचं कर्ज असेल, मुलीचं शिक्षण असेल तर घ्या. नुसतं ‘मिळतंय तर घ्या’ म्हणून घेऊ नका. आणि वर्षाच्या आत अर्ज केला तर मेडिकल लागत नाही.

बँकेतल्या मुलाला माझा नमस्कार सांगा. निवृत्तीच्या महिन्यात खात्यात मोठी रक्कम आली की हे लोक जावयापेक्षा जास्त प्रेमाने चौकशी करतात. त्याला त्या प्लॅनवर कमिशन किती मिळतं आणि पाच वर्षांआधी पैसे काढले तर काय कापतात, एवढे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत पैसे साध्या एफडीत राहू देत. पुढचं सीएला विचारा, मला नाही.

जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, मी हजर झालो २००७ ला. जुनी पेन्शन मिळेल का? (नाशिक)

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी नवी अंशदायी योजना, म्हणजे आताची एनपीएस, आहे. २ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय नेमका तुमच्यासारख्यांसाठी आहे. त्यात विकल्प द्यायला सहा महिने होते. दिला का? दिला असेल तर पोच शोधा आणि मंजुरीचा आदेश निघाला का बघा. दिला नसेल तर ‘दुसरी संधी येणार आहे’ म्हणत ग्रुपवर वाट बघत बसू नका. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायची मुदत साधारण एक वर्षाची असते आणि तिथे उशिराला कारण द्यावं लागतं. याच आठवड्यात वकील गाठा.

विभागीय चौकशी चालू आहे आणि पुढच्या महिन्यात निवृत्ती. पेन्शन बंद होणार का?

बंद नाही. नियम १३० प्रमाणे तात्पुरती पेन्शन सुरू होते, ग्रॅच्युइटी मात्र निकाल लागेपर्यंत थांबते. जी चौकशी निवृत्तीआधी सुरूच झाली नव्हती ती नंतर काढायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी नको. तुमची आधीच सुरू आहे म्हणून ते तुम्हाला लागू नाही. स्वतःची केस स्वतः लढवू नका, आपल्या लोकांना ही फार खोड आहे.

नवरा २०११ ला सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून लागला, २०२२ ला वारला. एनपीएस होतं म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन नाही असं ऑफिसने तोंडी सांगितलं.

तोंडी सांगितलेलं लेखी मागा. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसवाल्यांच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (मृत्यूनंतरची ग्रॅच्युइटी) लागू केलंय. पण त्याच्या बदल्यात एनपीएस खात्यातला शासनाचा वाटा परत जातो, आणि सानुग्रह अनुदान घेतलं असेल तर तेही समायोजित होतं, म्हणून फॉर्मवर सही करायच्या आधी कुणा जाणत्याकडून दोन्ही बाजूंचा हिशोब कागदावर मांडून घ्या. आणि कुणी ‘महालेखापाल ऑफिसात माझी ओळख आहे, दोन टक्के द्या’ म्हणालं तर द्यायचे नाहीत. अर्जाला पैसे लागत नाहीत.

हयातीच्या दाखल्यासाठी कोषागारातून फोन आला, ओटीपी मागतायत.

कोषागार नाही ते. फोन ठेवा, आणि ओटीपी दिला असेल तर हे वाचणं सोडा आणि आधी १९३० ला फोन लावा. दाखला नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या यादीवर सही करून द्यायचा, नाहीतर ऑनलाइन, जीवन प्रमाणवर.

निवृत्तीनंतर परत वकिली करता येईल का? पेन्शन कापतील का?

करता येते. पेन्शन कापत नाहीत. वकिलीच्या सनदेची सद्यस्थिती बार कौन्सिलकडून लेखी घ्या, आणि ज्या केसमध्ये सरकारतर्फे उभे होतात त्यात आरोपीचं वकीलपत्र घेऊ नका. हो, असं विचारणारेही दोघं होते.