नूतनीकरणानंतरही थिएटरमध्ये चित्र काळपट आणि संवाद पुसट का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावातलं जुनं थिएटर रिक्लायनर, नवा प्रोजेक्टर आणि अ‍ॅटमॉस (छतालाही स्पीकर असणारी ध्वनियंत्रणा) बसवून पुन्हा सुरू झालं, तरी चित्र काळपट दिसतं, बोलणं कळत नाही, मग प्रेक्षकाने करायचं काय? मी नऊ वर्षं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो, म्हणून लिहितो.

चित्र मधोमध उजळ आणि कडांना मंद असेल, तर तो बहुतेक थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी पडदा आहे. तो उजेड समोरच जास्त परतवतो, कडेच्या खुर्च्यांना कमी देतो. साध्या चित्रपटासाठी पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा लागतो. थ्रीडीचा फिल्टर भिंगासमोरून काढायचा राहिला, दिवा जुना झाला किंवा केबिनची काच पुसली नाही, तर तो मिळत नाही.

आवाजाचं दुखणं जास्त खोल असतं. जवळपास सगळे संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्यासाठीच पडद्याला बारीक छिद्रं असतात. आमच्याकडे नूतनीकरणानंतर त्या स्पीकरचा वरचा हॉर्न, म्हणजे उंच सूर वाजवणारा भाग, बंद होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. एके दिवशी मध्यंतरात एक निवृत्त शिक्षिकाबाई केबिनच्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आवाज मोठा आहे हो, पण शब्दांची टोकं ऐकू येत नाहीत." त्यांचं अगदी बरोबर होतं. स, श, च यांची धार वरच्या सुरांत असते आणि तेच वाजत नव्हते. हॉर्नची एक वायर सुटली होती!

दुसरं कारण फेडर, म्हणजे केबिनमधलं आवाज कमी-जास्त करायचं बटण. सिनेमाचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, फेडर ७ धरून केलेलं असतं. मारामारी कानठळ्या बसवते अशी तक्रार आली की मालक तो ४-५ वर आणायला लावतात, मग हळू बोललेलं आधी हरवतं. त्यात भिंतींवरचे जाड पडदे आणि कापडी खुर्च्या जाऊन गुळगुळीत भिंती आणि रेक्झिन आलं की आवाज घुमतो. छताला कितीही स्पीकर लावले तरी हे घुमणं जात नाही.

तेव्हा नुसतं "क्वालिटी खराब आहे" म्हणू नका. मध्यंतरातच मॅनेजरला गाठा, खुर्चीचा नंबर सांगा आणि विचारा: थ्रीडीचा फिल्टर काढलाय का? फेडर कितीवर आहे? मधल्या स्पीकरचा हॉर्न वाजतोय का? हे तिन्ही पुढच्या शोच्या आधी तपासता येतं.