मुलगा राख चाळतोय? चाळू द्या

पालकांचं पत्र: आम्ही नेवासा तालुक्यातले ऊस उत्पादक. मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख पोत्याने आणतो, चाळतो आणि काळ्या मातीत कालवत बसतो. यातच एम.टेक. करायचं म्हणतो. भाऊबंद हसतात. त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लावावा का?

नमस्कार,

हसणाऱ्या भाऊबंदांना मे महिन्यात तुमच्याच रानात न्या. भेगेत हात मनगटापर्यंत जातो. पावसाळ्यात तीच माती फुगते, आणि तिच्यावरच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर पडते. यावर आपला जुना उपाय म्हणजे काळी माती उकरून मुरूम भरायचा. पण मुरूम जवळ नसेल तर गाडीभाड्यातच पैसा जातो. राख मात्र कारखान्याच्या आवारात ढिगाने पडून असते. ती कालवून हीच काळी माती कमी फुगेल का, तेच तुमचा मुलगा बघतोय.

मुलाला एकच विचारा: चुना किती घालतोस? नुसत्या राखेने फारसं साधत नाही. राखेतल्या सिलिकाला, म्हणजे वाळूत असतो त्या घटकाला, चुना आणि पाणी मिळालं की हळूहळू सिमेंटसारखा बंध धरतो. म्हणून नमुने 7 दिवस, 28 दिवस मुरवून तपासतात. भाताचं तूस नीट जाळलं तर राखेत 85 ते 90 टक्के सिलिका सापडते. कारखान्याच्या बॉयलरात जळतं ते उसाचं चिपाड, आणि त्याच्या राखेचा असा भरवसा नाही. बॉयलर कसा पेटतो, उसाबरोबर माती किती आली, काळा कोळसा किती उरला, यावर ती कारखान्यागणिक बदलते. हे त्याला स्वतःहून सांगता आलं, तर पोरगा कामाचा आहे.

पण करिअर राखेत नाही, मातीत आहे. विषयाचं नाव जिओटेक्निकल इंजिनिअरिंग. मेट्रो, पूल, धरण, महामार्ग, सगळीकडे आधी माती तपासणारा लागतो. त्याने गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी. तो स्कोअर तीन वर्षं चालतो आणि त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. पगाराचं खोटं सांगणार नाही. सुरुवातीला संगणकवाले मित्र पुढे दिसतील, आणि हा बोअरिंगच्या साइटवर उन्हात उभा असेल. एमपीएससीच्या स्थापत्य परीक्षेतही माती हा विषय आहेच, त्यामुळे अभ्यास वाया जाणार नाही. क्लासची घाई मात्र आत्ता नको.

सीबीआर चाचणी, म्हणजे रस्त्याखालची माती किती भार पेलते ते बघणारी चाचणी, त्याने स्वतः करावी. साचा चार दिवस पाण्यात बुडवायचा, माती किती फुगली ते डायलवर रोज वाचायचं. हे काम बरेच जण लॅबमधल्या मामांवर सोडतात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गडबडतात.

या हंगामात आणखी दोन कारखान्यांची राख आणायला लावा. पोत्यावर कारखान्याचं नाव आणि तारीख लिहायला सांगा. एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे चार पोती ओळीने मांडली होती. कुठलं कुठलं, ते त्यालाच सांगता येईना.