अँग्युलर शिकायचंय, पण कोणती आवृत्ती?

तुम्ही विचारलंय, अँग्युलर (वेब ॲप बनवायची तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क) शिकताना आधी अँग्युलरजेएस, मग अँग्युलर २, मग ४ असं पायरीपायरीने शिकू का? अजिबात नको. थेट सध्याची स्थिर आवृत्ती घ्या.

अँग्युलरजेएस ही २०१० ची वेगळीच चीज. २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर २ मुळापासून नव्याने, टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा) लिहिलेलं आहे. नाव तेवढं सारखं. जुन्याचा अधिकृत सपोर्ट डिसेंबर २०२१ अखेर संपलाही.

२ नंतरच्या आकड्यांना मात्र घाबरू नका. साधारण दर सहा महिन्यांनी एक आकडा वाढतो, पाया तोच. (३ शोधत बसू नका, ती आलीच नाही. राउटरचं, म्हणजे ॲपमध्ये एका पानावरून दुसऱ्यावर नेणारं, पॅकेज आधीच ३ वर पोचलं होतं, म्हणून सगळ्यांना एकदम ४ वर नेलं.)

खरा घोळ होतो तो जुन्या व्हिडिओंमुळे. धडा सुरू होताच मास्तर ॲप-मॉड्यूलची (ॲपचे सगळे भाग नोंदवायची) फाइल उघडतात, आणि तुमच्या फोल्डरमध्ये ती सापडतच नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं. आवृत्ती १७ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ती फाइल आपोआप बनत नाही, कारण कंपोनंट (स्क्रीनचे सुटे भाग) आता स्टँडअलोन असतात, म्हणजे त्यांना मॉड्यूलमध्ये नोंदवावं लागत नाही. टेम्प्लेटमधली (कंपोनंटच्या एचटीएमएलमधली) इफ-फॉर लिहायची पद्धतही त्याच आवृत्तीत बदलली. त्यामुळे १७ च्या आधीचा कोर्स फुकट मिळाला तरी पैसे देऊन घेतल्यासारखा महाग पडेल.

अपवाद एकच: नोकरीत जुना प्रोजेक्ट गळ्यात पडला असेल, तर आधी त्याची पॅकेज-जेसन फाइल (प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या पॅकेजांची यादी) उघडून आवृत्ती बघा आणि तेवढीच शिका.