घरी बनवलेलं छोटं कॅबिनेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिनी-आयटीएक्स (छोट्या चौरस आकाराचा) मदरबोर्ड, ६५ वॅटचा प्रोसेसर, त्यासोबतच आलेला कूलर आणि एसएफएक्स या छोट्या आकाराचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) माझ्याकडे आहे. ग्राफिक कार्ड लावायचं नाही. तयार छोटी कॅबिनेटं बजेटबाहेर जातात, म्हणून घरीच करतो म्हणतो. प्लायवूड घेऊ की अ‍ॅल्युमिनियम? मापं काय ठेवू? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : दोन्हींच्या आधी भंगारातलं एक जुनं एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या आकाराचं) कॅबिनेट शोधा. नागपूरच्या इतवारीत किंवा घराजवळच्या भंगारवाल्याकडे ते किलोच्या भावात मिळतं. मिनी-आयटीएक्स बोर्डाची चारही भोकं एटीएक्सच्याच जागांवर असतात. त्यामुळे जुन्या कॅबिनेटमधला बोर्डाखालचा पत्रा आणि त्याला जोडलेली पोर्टच्या खिडकीची मागची भिंत, हा एल आकाराचा तुकडा एकसंध कापून घेतला की सगळ्यात नाजूक मापं आयती मिळतात. खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमी असते आणि पोर्टची पट्टी (पोर्टसाठी भोकं असलेली, बोर्डासोबत येणारी पातळ पत्र्याची झाकणी) साधारण १ मिमी जाडीच्या पत्र्यातच कट्‌कन बसते. ६ मिमी प्लायवूडमध्ये ती धरत नाही, सारखी आत ढकलली जाते. घेताना खिडकी रिकामी, आयताकृती आहे ना ते बघा. काही ब्रँडेड डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये पोर्टची भोकं पत्र्यातच पाडलेली असतात, ती काही कामाची नाहीत.

असा पत्रा मिळालाच नाही, तर पट्टीने मोजून भोकं आखू नका. बोर्ड १७० × १७० मिमीचा चौरस असला तरी भोकं चौकोनात नसतात. पोर्टच्या बाजूच्या दोनपैकी एक कडेपासून १० मिमीवर, तर दुसरं ३३ मिमीवर असतं. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने भोकं उतरवा, तो पुठ्ठा पत्र्यावर चिकटवा, पंचाने खूण करा आणि मगच ड्रिल लावा. खूण केली नाही तर बिट घसरतं आणि एक मिमीचा फरकही बोर्डाला पीळ द्यायला पुरतो.

आतली मापं : रुंदी २५०, खोली २००, उंची १३० मिमी, म्हणजे साडेसहा लिटर. एसएफएक्स एसएमपीएस १२५ × ६३.५ × १०० मिमी असतो. तो आडवा न ठेवता कुशीवर उभा करा, पंखा बाहेरच्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीला भरपूर भोकं. तो बोर्डाच्या शेजारी ६४ मिमी जागा घेतो आणि समोर वायरींना १०० मिमी उरतात. वायरींसाठी जागा न सोडणं ही नेहमीची चूक. एसएमपीएसकडून बोर्डाकडे जाणारा २४ पिनांचा वायरींचा जुडगा वाटतो तसा वाकत नाही. अडीच इंची एसएसडी पुढच्या भिंतीला आतून लावा.

सांगाड्याला २० × २० मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल नऊ फूट लागेल, भिंतींना १ मिमी पत्रा वाया जाणारा धरून तीन चौरस फूट. ३.२ मिमीचे रिव्हेट, त्यांना भोक ३.३ मिमीचं. झाकण मात्र रिव्हेटने पक्कं करू नका, स्क्रूने लावा. झाकणाला जाळीदार पत्रा घेतला तर १२० मिमी पंख्याचा मोठा गोल कापायची कटकट वाचते. फक्त चार स्क्रूची भोकं, एकमेकांपासून १०५ मिमीवर. पंखा हवा आत फेकेल असा लावा आणि जाळीवर मच्छरदाणीच्या कापडाची गाळणी टाका. उंची पुरते का, तेही सांगतो : बोर्डाखालचे स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे धातूचे खांब), बोर्ड आणि सॉकेट मिळून सुमारे १६ मिमी, कूलर ५४ मिमी, पंखा २५ मिमी. वर ३५ मिमी मोकळे राहतात, पुरेत.

कापणं, घासणं, रंग हे सगळं बोर्ड जवळही न आणता उरका. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून सांगाडा धुऊन, पूर्ण वाळवून, ब्रशने झाडूनच बोर्ड बसवा. त्याआधी बोर्ड पुठ्ठ्यावर मोकळाच चालवून बघा. नाहीतर चालू झाला नाही की दोष बोर्डाचा की कॅबिनेटचा, हेच कळत नाही. आणि बोर्डाला भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला तर शॉर्ट ठरलेला. जुन्या पत्र्यावर असे जास्तीचे स्टँडऑफ असतातच, ते आधी काढा.

प्रश्न : प्लायवूडचं कॅबिनेट बनवलं. पेन ड्राइव्ह लावताना बोटाला झिणझिण्या येतात, टेस्टरही पेटतो. लाकडाला करंट कसा? (एक वाचिका, धरमपेठ)

उत्तर : करंट लाकडाला नाही, एसएमपीएसच्या धातूच्या खोक्याला आहे. तिथून तो बोर्डाच्या ग्राउंडवर आणि यूएसबीच्या पत्र्यावर येतो. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की खोक्यावर लाइनच्या २३० व्होल्टच्या साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो. करंट फार थोडा, पण झोंबतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांत कोंबला असेल, तर तो आजच बदला. मग कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, मल्टीमीटरने जाड पिन ते एसएमपीएसचं खोकं मोजा. एक ओहमच्या आत यायला हवं. लाकडी कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पत्रा घालून तो एसएमपीएसच्या स्क्रूला जोडला तर उत्तम. धातूच्या कॅबिनेटमध्ये हा जोड नीट लागावा म्हणून स्क्रूखालचा रंग खरवडावा लागतो. एसएमपीएसचं खोकं उघडून आतली सर्किटची पाटी सुटी बसवण्याचा विचारही नको. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी कॉम्प्युटर बंद पडतो. डेझर्ट कुलरसमोर ठेवला तर चालतो. तसाच ठेवू का? (एक वाचक, खामला)

उत्तर : नको. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक प्रोसेसरच्या स्वतःच्या उष्णतेने होणारी वाढ, आणि तेवढ्याच कामाला, त्याच कूलरवर ही वाढ साधारण तेवढीच राहते. हिवाळ्यात २२ अंशांच्या खोलीत ६७ दाखवणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ८७ वर जाणारच, त्यात कॅबिनेटचा दोष नाही. डेझर्ट कुलरच्या हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, त्यातले क्षार बोर्डावर आणि पंख्यात साचतात. एमडीएफचं कॅबिनेट असेल तर तेही फुगतं. कॉम्प्युटर कुलरच्या झोतापासून बाजूला, पण त्याच खोलीत ठेवा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची पॉवर लिमिट ६५ वरून ४५ वॅट करा. टायपिंग-ब्राउझिंगला फरक जाणवणार नाही. धूळ दर आठवड्याला झाडा. उन्हाळ्यात आपल्याकडची गाळणी लवकर तुंबते.

प्रश्न : पॉवर बटणासाठी काय वापरू? (एक विद्यार्थी, महाल)

उत्तर : दाबलं की जोडणारं आणि सोडलं की तुटणारं कुठलंही बटण. दाराच्या बेलचं चालतं, दिव्याचं नाही. दोन वायरी बोर्डाच्या पुढच्या पॅनेलच्या पिनांवर पॉवर स्विचच्या जागी लावा. नेहमीच्या नऊ पिनांच्या मांडणीत त्या ६ आणि ८ असतात, तरी बोर्डाची पुस्तिका बघा. उलटसुलट लागल्या तरी चालतं. एलईडीला मात्र प्लस-मायनस पाहावं लागतं. हे बटण घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला जोडायचं नसतं.